रोज एक मिली

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम! मुलगी. तिसावा आठवडा. डॉक्टरांनी एप्रिलची तारीख दिली होती, पण बाईसाहेबांना दम निघाला नाही.

मेघा ठीक आहे. मुलगी काचेच्या पेटीत. मला पाच मिनिटं बघू दिलं. नाकात नळी, तळपायाला लाल दिवा बांधलेला, मांडी माझ्या अंगठ्याएवढी. तिचा श्वास मोजत उभा होतो, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "झालं, निघा आता."

फोन सुरू झाले. मेघाची मावशी म्हणते, "सातव्यातली आहे ना, मग जगते. आठव्यातली जगत नाहीत." काय ही विद्वत्ता! मी नऊ वर्षं बालरोगतज्ज्ञांच्या दारात बूट झिजवले, हे गणित एकाही डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नाही. मावशीला सांगायला हवं, एक दवाखाना टाका गारखेड्यात.

कंपनीच्या ॲपवर आज पाच डॉक्टर भेटल्याची नोंद केली. भेटलो एकालाही नाही. औषध कंपनीच्या एमआरचा रोजचा रिपोर्ट असाच भरायचा असतो. खरं काय ते ह्या वहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अतिदक्षता विभागाबाहेर एक बाकडं आहे. त्यावर आम्ही सहा बाप. सगळ्यांच्या हातात आईचं दूध आणायची वाटी आणि तोंडावर एकच भाव – मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केल्यासारखा.

शेजारी फकिरा. फर्दापूरचा. लेण्यांच्या फाट्यावर पर्यटकांना रंगीत गारगोट्या विकतो. त्याचा मुलगा एक किलो पन्नास, सिल्लोडहून अँब्युलन्सनं आणलाय. ट्रस्टचं हॉस्पिटल म्हणून परवडतं म्हणाला. मला विचारलं, "साहेब, तुमी काय करता?" औषधाच्या कंपनीत आहे म्हटलं, तर उठून उभाच राहिला.

"म्हंजी ही औषधं तुमीच बनवता?"

मी नाही म्हणालो नाही. डॉक्टर लोक मला दोन तास दारात ताटकळत ठेवतात, इथं एक माणूस उभा राहतोय तर कशाला बसवा!

१७ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आले. ड जीवनसत्त्व – मुलगी आठ, आई नऊ. निदान वीसच्या वर हवं. आणि बाप काय विकतो? ड जीवनसत्त्वाचे थेंब! लहान मुलांसाठी, पन्नास डॉक्टरांना तोंडपाठ भाषण देऊन.

करुणा मॅडमनी समजावून सांगितलं. ह्या विभागाच्या मुख्य डॉक्टर. बाळ पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून साठा उचलतं. हिनं ते तीन महिने सोडूनच दिले. त्यात आईकडे मुळात नाही, मग उचलणार काय? पुढं हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणाल्या. मी मान डोलावत होतो. अख्खं भाषण माझंच, फक्त ह्यावेळी ऐकायच्या बाजूला मी होतो. ऐकायला बरं नाही वाटत.

मेघाला म्हटलं, नऊ नसेल तर काय होईल! ती सिडकोतल्या पतसंस्थेत स्कूटीवर जाते. तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, वर पांढरा सनकोट, गॉगल. ह्या शहरातल्या सगळ्याच पोरी अशा निघतात, दरोडा घालायला निघाल्यासारख्या. ऊन शिवणार कुठून ह्यांना?

मेघा पडल्या पडल्या म्हणाली, "आणि तुम्ही? नऊ वर्षं डी विकताय. मला सहा महिन्यांत एक गोळी आणून दिली?"

बाळंतीण आहे म्हणून गप्प बसलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वीस ग्रॅम वाढली. वीस! फकिराचा तीस. स्पर्धा नाही, पण लिहून ठेवतो.

३ मार्च, सोमवार

फकिराच्या बायकोचा रिपोर्ट – तेरा. मुलाचा अकरा. आमच्यापेक्षा जास्त! मला चक्क राग आला. गारखेड्यात चारशे चौरस फुटांची गच्ची आहे माझी.

मग गंमत झाली. मॅडमच्या फॉर्मवर प्रश्न असतो – आई रोज उन्हात किती वेळ असते? सिस्टरनं फकिराच्या बायकोचं 'सात-आठ तास' लिहून टाकलं. कापूस वेचते म्हणजे उन्हातच की! मॅडम म्हणाल्या, तिचं रक्त तसं म्हणत नाही. तिलाच विचारलं, वेचणीला जाताना अंगावर काय घालतेस?

"ह्यांचा फुल बाह्याचा शर्ट. डोक्याला रुमाल. तोंडाला बी बांधते, खाजतंय ना."

मॅडमनी आकडा खोडला. 'फक्त डोळे आणि पंजे' असं लिहिलं. सिस्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. शिकलेली माणसं! शेतात बाई काय घालून जाते हे माहीत नाही, आणि फॉर्म भरतात.

मला माहीत होतं. कंपनीच्या शिबिरात माझ्या आईचं रक्त तपासलं होतं – सात. आयुष्य गंगापूरच्या कापसात गेलं तिचं, अंगावर वडिलांचा जुना शर्ट. तेव्हा मी तिलाच हसलो होतो, एवढ्या उन्हातून सात घेऊन आलीस म्हणून.

२० मार्च, गुरुवार

घरी आणली! एक किलो सातशे साठ. मेघा रिक्षात रडत होती, मीही थोडा. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे.

पण निघताना अपमान झालाच. मॅडमनी चिठ्ठीवर थेंब लिहिले – दुसऱ्या कंपनीचे! माझ्या तोंडावर! तेच चारशे युनिट, तेच तेल, तसलाच ड्रॉपर. मॅडमच्या दारावर पाटीच आहे, 'सॅम्पल आणू नयेत'. लई तत्त्वाच्या! दिवाळीत कंपनीची डायरी घेतली नाही, परिषदेची बॅगसुद्धा परत पाठवली. असल्या डॉक्टरांचा मला मनापासून कंटाळा येतो. त्यांच्यासमोर माझं भाषणच अडखळतं.

वर उपदेश – "रोज एक मिली. सकाळी, न चुकता. आईच्या दुधात डी जवळजवळ नसतंच. ब्रँड बदलू नका." हे मला! ही वाक्यं मी झोपेतही म्हणू शकतो.

मेडिकलसमोरून रिक्षा न थांबवता थेट घरी आणली.

२१ मार्च, शुक्रवार

गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तीच माझी सॅम्पलची कोठी. गेल्या मार्चपासून खोकी पडून आहेत. एक्सपायरी नोव्हेंबरची. बारा बाटल्या खाली आणल्या.

चार मेघाच्या हातात दिल्या. तिनं बाटली उलटसुलट करून बघितली. "मॅडमनी दुसरे लिहिलेत."

"मॅडमला जास्त कळतं का मला?"

तिनं चारही बाटल्या फळीवर ठेवल्या. पटलं असावं!

उरलेल्या आठ फकिराला. त्याच्या मुलालाही आज सोडलं. त्याच्याकडे तीच चिठ्ठी, चुरगळून खिशात. म्हटलं ठेव ती खिशातच, हे घे, आठ महिन्यांची सोय. रोज एक मिली. मॅडमनी विचारलं तर लिहिलेलेच देतो म्हण, त्यांना उगाच राग येतो. तो पाया पडायला वाकला. पायजमा धुळीत. वच्छलाबाई, म्हणजे त्याची आई, दोन्ही हातांची बोटं माझ्या कानशिलावरून ओवाळून कडाकडा मोडायला लागल्या. सगळं बाकडं बघत होतं. मला नको नको म्हणताना बरं वाटत होतं.

२ एप्रिल, बुधवार

आई आली गावाहून. आल्या आल्या सुरू – "लेकराला सकाळच्या उन्हात धरा, तेल चोळा, हाडं घट व्हतेत." मेघानं मधला मार्ग काढला, खिडकीच्या बंद काचेतून ऊन येतं तिथं पाळणा ठेवला. दोघी खूश!

दोघींनाही भाषण दिलं. काचेतून ऊन येतं, डी येत नाही. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातही ते नसतं. डी बनवणारं ऊन अकरा ते दोनचं. न्या मग, एप्रिलच्या अकरा वाजता दोन किलोची पोर गच्चीत न्या! म्हणून तर थेंब असतात.

आई म्हणाली, "आमी काय थेंबावर वाढिवले व्हय रं तुला?"

मी म्हटलं, म्हणून माझे पाय बघ. ती रुसून आत गेली. पाय खरंच वाकडे आहेत माझे, थोडे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गल्लीत सकाळपासून ढोल, पोरं निळी पागोटी बांधून. मॅडमनी गर्दीत न्यायचं नाही सांगितलंय, म्हणून घरीच वंदना घेतली आणि मुलीचं नाव ठेवलं – प्रेरणा. मेघाची निवड. मला काही सुचलं होतं, ते तिनं बाजूला सारलं.

दुपारी फकिराचा फोन. त्यांनीही नाव ठेवलं. "इंद्रजीत ठिवलं साहेब. तुमच्यावरून."

येडा आहे! आता तो पोरगा शी करणार, रडणार, शाळेत मार खाणार, आणि सगळे इंद्रजीत इंद्रजीत करत हाका मारणार. मेघाला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्याला तुम्ही किती बाटल्या दिल्या?"

आठ, म्हटलं. मोठेपणा करायचा तर कंजूषपणा कशाला!

२६ एप्रिल, शनिवार

त्रेचाळीस अंश. पत्र्याच्या खोलीची कडी हाताला चटकली. सॅम्पल काढून खाली येईपर्यंत शर्ट पिळून निघाला. अशा उन्हात डॉक्टरांच्या दारात उभं राहायचं, आणि आतून निरोप येतो, आज एमआर नकोत.

८ मे, गुरुवार

फकिराचा फोन. आवाज ओळखू येईना. पोराचा उजवा दंड सुजलाय, हात लावला की किंचाळतो. मालिश करताना झालं म्हणे. एसटीनं निघालेत.

९ मे, शुक्रवार

दंडाचं हाड मोडलंय. तीन महिन्यांच्या पोराचं!

मॅडमनी विचारलं, मालिश कोण करतं? वच्छलाबाई पुढं झाल्या. मॅडम त्यांना काही बोलल्या नाहीत, पण मी बोललो. बाकड्यापाशी, सगळ्यांदेखत. "मावशी, हे लेकरू आहे, कणीक नाही तिंबायला!" फकिराही बोलला, त्याची बायकोही. म्हातारी हात पदरात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला त्यांची दया आली नाही. जुन्या बायकांचा हा सोस, लेकराला रगडायचा! माझी आई काय वेगळी आहे?

एक्स-रेच्या फोटोत हाडांच्या कडा विरल्यासारख्या दिसतात. रक्ताचा रिपोर्ट – डी नऊ. मॅडमच्या कपाळाला आठ्या. "थेंब रोज देता?"

"रोज."

"कोणते?"

फकिरानं माझ्याकडं बघितलं. मी फोनमध्ये बघितलं. "तुमी लिवलेलेच," तो म्हणाला.

मॅडमनी डोस दुप्पट केला, सोबत कॅल्शियम-फॉस्फरसचं औषध. बाहेर आल्यावर फकिरानं विचारलं, "तुमच्याच बाटलीतून दोन मिली देऊ ना साहेब?"

दे म्हटलं. आणि त्यालाच धारेवर धरलं. निम्मं सांडत असशील! ओठांवरून खाली! मधे मधे विसरत असशील, तुमच्याकडे घड्याळाचं काय, कोंबडा आरवला की सकाळ! त्यानं खिशातून कॅलेंडरची पानं काढली. बावीस मार्चपासून रोज एक खूण. प्रत्येक खुणेशेजारी वेळ. अठ्ठेचाळीस खुणा. एके ठिकाणी लिहिलंय – 'ताप व्हता तरी दिलं'.

मी पानं परत दिली. 

१० मे, शनिवार

डोक्यातून जात नाही. मार्चात अकरा होतं. अठ्ठेचाळीस दिवस थेंब देऊन नऊ! वाढायचं सोडून कमी कसं होईल? एक तर फकिरा खोटा, नाही तर बाटली.

दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत गेलो. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून पोरीचा ताप मोजायचा थर्मामीटर नेला. त्यानं आकडा दाखवलाच नाही. त्याला बेचाळीसच्या वर मोजता येत नाही, नुसतं पिकपिक करत बसला. खोक्याला हात लावला आणि मागं घेतला. हे आजचं. ह्याच खोक्यांनी गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळाही इथंच काढलाय.

बाटलीवरची ओळ वाचली. 'पंचवीस अंशांच्या खाली, उजेडापासून दूर ठेवावे.' नऊ वर्षं ही बाटली हातात आहे माझ्या. ती ओळ डोळ्यांखालून गेली असेल, पण ती मला सांगितलीय असं कधी वाटलं नाही. झाकण उघडून वास घेतला. जुन्या तळणाचा वास.

प्रेरणालाही हेच. रोज.

१२ मे, सोमवार

पौर्णिमा. आईनं खीर केली. विहारात गेलो, बसलो, काय म्हटलं आठवत नाही. मेघानं पोरीला आंघोळ घातली, मी दाराशी उभा राहून तिचे हात बघत होतो. "काय झालं?" – "काही नाही." मला तिला उचलायचीच भीती वाटते आहे.

१३ मे, मंगळवार

वाळूजला गेलो. सोमनाथ तिथल्या एका कारखान्यात औषधं तपासतो. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर होता, कायम नापास व्हायच्या बेतात, आणि आता डोक्याला जाळी लावून ऐटीत फिरतो. तरी त्याच्याच पाया पडायची वेळ. दोन बाटल्या दिल्या – एक पत्र्याच्या खोलीतली, एक आमच्याच कंपनीची पण आज मेडिकलमधून घेतलेली, तिथं फ्रीजजवळच्या थंड कपाटात होती.

"कुणासाठी रं?" म्हणाला.

सहज, म्हटलं. त्यानं तोंडाकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

१५ मे, गुरुवार

सोमनाथचा फोन. मेडिकलमधली – चारशे चार युनिट. पत्र्याच्या खोलीतली – ब्याण्णव.

"इंद्र्या, औषध नाय रे ते. तेल पाजतोयस कुणाला तरी."

म्हणजे कंपनीचं चुकलं नाही, मॅडमचं नाही, फकिराचं नाही. म्हातारीचं तर नाहीच. हाड मोडायलाच टेकलं होतं, तिचा हात फक्त तिथं होता. आणि मी तिला कणीक तिंबते म्हटलं. मॅडम सॅम्पल का घेत नाहीत तेही आज कळलं, कुणाच्या घरात कुठं शिजून आलेत कोणास ठाऊक! मी ह्याला नऊ वर्षं माज म्हणत होतो.

फकिराला फोन केला. त्या बाटल्या बंद कर, मॅडमच्या चिठ्ठीवरचे घे, आजच्या आज. "कामून साहेब? तुमच्यापेक्षा ते भारी हाय का?"

"नवीन माल आलाय, तो जास्त चांगला आहे."

एवढंच सुचलं. भित्रा कुठला! दुसऱ्यांना नावं ठेवताना कशी वाक्यं सुचतात मला.

संध्याकाळी मेघाला म्हटलं, उद्या पोरीचं रक्त तपासू. कशाला, असं तिनं विचारलंच नाही.

१६ मे, शुक्रवार

रक्त दिलं. पोर सुई टोचल्यावर लाल होऊन रडली. मॅडमना सगळं सांगावं म्हणून उभा होतो, मागं रांग होती, निघून आलो. रांग होती म्हणून नाही.

१७ मे, शनिवार

छत्तीस.

तीनदा वाचलं. नाव बघितलं, वय बघितलं. प्रेरणा इंद्रजीत, तीन महिने. डी छत्तीस. फॉस्फरस नीट, बाकी सगळं नीट. बाकड्यावर बसूनच रडलो. मग मोबाइलवर गणित करायला लागलो, ब्याण्णव युनिटवर आठाचं छत्तीस होणार कसं?

घरी येऊन मेघापुढं रिपोर्ट ठेवला. ती कांदे चिरत होती. वाचला, आणि परत चिरायला लागली.

"मी तुमचे थेंब दिलेच नाहीत."

"काय?"

"पहिल्याच दिवशी मॅडमच्या चिठ्ठीवरचे आणले. पिठाच्या डब्यामागं ठेवते. तुमच्या बाटलीतलं रोज एक मिली मोरीत. तुम्हाला बाटली संपलेली दिसली पाहिजे ना."

पहिला आला तो राग! खरं सांगतो. पोर वाचली ह्याचा आनंद दुसरा. एवढा अविश्वास? आपल्याच नवऱ्यावर?

"तुम्हीच तर सांगता," ती म्हणाली. आवाज चढलेला नाही, सुरी चालूच. "रोज जेवताना. ह्या डॉक्टरला कसं गुंडाळलं, त्या रिपोर्टमध्ये काय दडपून दिलं, सगळे कसे मूर्ख आहेत. दोन वर्षं ऐकतेय. पोरीच्या तोंडात घालायची वेळ आली तेव्हा मी तुमचं ऐकायला हवं होतं?"

 प्रेरणाला उचललं. गुबगुबीत दंड. दाबून बघितला, हळूच. ती माझ्याकडं बघून हसली.

मेघानं विचारलं, "फकिराला सांगितलं?"

"थेंब बदलायला सांगितले."

"का बदलायचे ते?"

मी पोरीचं झबलं सारखं केलं.

"आणि त्याच्या आईला?"

१९ मे, सोमवार

आज ॲपवर खोटं भरलं नाही. 'एकाही डॉक्टरला भेटलो नाही' असंच टाकलं. कंपनीतल्या साहेबांचा लगेच फोन, तब्येत बरी आहे ना? काय माणसं आहेत!

फकिरा फोनवर म्हणाला, पोरगं बरं आहे, हात बांधलाय, रडणं कमी झालं. मग म्हणाला, "आई जेवत नाय नीट. लेकराला हातात घेत नाय. म्हणती माझ्या हातानं मोडलं. आमी बी लई बोललो साहेब तिला."

फर्दापूरला माझा दौरा ह्या महिन्यात नाही, हे कारण कालपर्यंत पुरत होतं.

मॅडमना भेटलो आधी. सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त फकिराच्या पोराचा कागद काढून त्यावर काही लिहिलं आणि विचारलं, "अशा आणखी किती जणांना दिल्यात?" आठवून आठवून सात नावं झाली. सातही जणांना फोन केले. ओळखीच्या, नात्यातल्या, मोठेपणा मिरवलेल्या सगळ्यांना. एकानं शिव्या दिल्या. ते सोपं गेलं.

पत्र्याची खोली रिकामी केली.

२१ मे, बुधवार

फर्दापूर. खाटेवर बसून सगळं सांगितलं – पत्र्याची खोली, गेल्या वर्षीचं ऊन, ब्याण्णव. फकिरा खाली बघत राहिला. त्याची बायको उठून आत गेली. वच्छलाबाईंना म्हणालो, मावशी, तुमच्या हातानं नाही मोडलं. माझ्यामुळं मोडलं.

त्यांनी पोराकडं बघितलं. बारा दिवसांत पहिल्यांदा त्याला उचलून मांडीवर घेतलं. मग माझ्याकडं बघून घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "अन् तुमची पोर रं बाबा? तिला बी तेच पाजलं आसंल ना तुमी? तिचं हाड बरं हाय का?"

बरं आहे म्हणालो. का बरं आहे, ते नाही सांगितलं.